शेवाळ घासून जात नाही, भिंत वाळली की जातं

भिंतीवरचं शेवाळ घासून काढलं, वरून औषध मारलं, आणि पुढच्या पावसात ते त्याच जागी, जवळजवळ त्याच आकारात परत आलं, असं ज्यांच्या घराचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीही बरीच वर्षं हेच केलंय. आमच्या एका खिडकीखाली हिरवी दाढी उगवायची, दरवर्षी ब्रश घेऊन तिच्याशी भांडायचो आणि दरवर्षी हरायचो. नंतर कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की हा ताप आहे, आजार वेगळाच आहे, आणि आजार काय तर ती जागा पाऊस थांबल्यावरही खूप वेळ ओली राहतेय.

आता आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपण भिंतीवर हिरवं दिसलं की सरसकट शेवाळ म्हणतो, पण त्यात तीन-चार वेगळी मंडळी असतात आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं. बुळबुळीत, रंगाचा हात मारल्यासारखा पातळ हिरवा थर असेल तर ते शैवाल, पायऱ्यांवरून पाय घसरतो तो बहुतेक ह्याच्यामुळे. भिंतीवर नारिंगी-तांबूस डाग पडलेत आणि आतला गज गंजला म्हणून तुम्ही घाबरलात तर जरा थांबा, ट्रेंटेपोह्लिया नावाचं एक शैवाल असतं, जातीनं ते हिरव्या शैवालातलंच पण अंगात केशरी रंगद्रव्य इतकं की दिसतं थेट गंजासारखं. डांबरी शिंगल्सच्या, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक लावलेल्या पातळ पट्ट्यांच्या, छपरावर वरून खाली काळे ओघळ दिसतात ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे शैवालासारख्या जिवाणूंचे, शिंगलमध्ये भर म्हणून चुनखडीची पूड घालतात आणि त्या पुडीवर ह्याचं मस्त चालतं. गादीसारखं, बोटानं दाबलं तर दबणारं, ते मॉस. आणि राखाडी-पोपटी, कागदाचे तुकडे चिकटवल्यासारखे गोल ठिपके म्हणजे दगडफूल, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. हे सगळ्यात चिवट, कारण ह्याचे तंतू पृष्ठभागात घुसतात आणि वाळलेलं दगडफूल ओढून काढायला गेलात तर खालचा रंग नाहीतर शिंगलचे दाणे सोबत घेऊनच निघतं.

ह्यात दोन तोतयेही असतात. काळपट ठिपके बुरशीचे की नुसता मळ, हे कळत नसेल तर पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाकून बघा, मिनिट-दोन मिनिटांत फिकट पडलं तर बुरशी, तसंच राहिलं तर मळ. दुसरा तोतया म्हणजे पांढरी पूड. तिला लोक बुरशी समजून औषध मारत बसतात, पण तो असतो लोणा, भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर आले, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. पाण्यात विरघळला तर लोणा. तो जिवंत नाही, पण भिंतीच्या पोटातून पाणी ये-जा करतंय हे तो सांगतो, म्हणून मला शेवाळापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते.

मॉसबद्दल एक गोष्ट समजली की पुढचं बरंच सोपं जातं. त्याला खरी मुळं नसतात, धरून ठेवायला केसांसारखे बारीक तंतू असतात फक्त, आणि पाणी ते पानांतून, सगळ्या अंगानं पितं. कोरडं पडलं की मरत नाही, कुरकुरीत तपकिरी होऊन पडून राहतं आणि पाणी मिळालं की थोड्याच वेळात परत हिरवं. म्हणजे उन्हाच्या दिवसात "गेलं बुवा एकदाचं" असं वाटतं तेव्हा ते गेलेलं नसतं. त्याचे बीजाणू वाऱ्यावर सगळीकडे फिरतच असतात, शिवाय तुटलेल्या तुकड्यातूनही ते नव्यानं वाढतं, त्यामुळे ते तुमच्या भिंतीवर येऊच नये अशी व्यवस्था कुणीच करू शकत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट, ती जागा दिवसातले किती तास ओली राहते.

म्हणून रंग निवडायच्या आधी, कंत्राटदाराला बोलवायच्या आधी एक फुकटचं काम करा. चांगला पाऊस झाला की घराभोवती एक चक्कर मारा, मोबाईलवर चारी बाजूंचे फोटो काढा, मग पाच-सहा तासांनी परत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत. तिसऱ्या फेरीत जे भाग अजून गडद दिसतील तेच तुमचे दुखणेकरी. बहुतेक वेळा अख्खी भिंत नसतेच, पन्हळीच्या जोडाखालचा एक पट्टा, कोपऱ्यातला एक भाग, जोत्याच्या वर गुडघ्याएवढी एक रांग आणि खिडक्यांच्या खालच्या त्या दाढ्या, एवढंच असतं.

काही भाग का वाळत नाहीत ह्याची कारणं साधी आहेत. सावली हे पहिलं. उत्तर गोलार्धात उत्तरेची भिंत आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेची भिंत कमी ऊन खाते हे खरं, पण विषुववृत्ताच्या जवळ, कर्क आणि मकर वृत्तांच्या मध्ये जे राहतात त्यांच्याकडे दुपारचा सूर्य वर्षातून काही दिवस उलट्या बाजूलाही असतो, त्यामुळे पुस्तकातला नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या भिंतीवर पावसाच्या महिन्यांत ऊन कधी पडतं ते बघणं बरं. दुसरं, वारा. भिंतीला टेकलेली झुडपं, वेली, रचून ठेवलेली लाकडं, अडगळ, ह्यांच्यामागे हवा खेळतच नाही. नुसती झुडपं छाटून दोनेक फूट मोकळी जागा केली तर जो फरक पडतो तो कुठल्याही डब्यातल्या औषधानं पडत नाही, आणि तरीही लोक हे करतात ते सगळ्यात शेवटी. तिसरं, पृष्ठभाग. खरखरीत टेक्स्चर दिसायला छान पण त्या प्रत्येक खड्ड्यात पाणी, धूळ आणि बीजाणू बसतात.

आणि एक कारण जरा विचित्र आहे. थंड हवेत ज्या भिंतींना बाहेरून जाड इन्सुलेशन लावून वर पातळ गिलावा करतात, त्या भिंतींवर शैवाल जास्त दिसतं. कारण असं की आतली ऊब बाहेरच्या थरापर्यंत पोचतच नाही, निरभ्र रात्री तो पातळ थर आकाशाकडे उष्णता सोडत सोडत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि त्याच्यावर दव पडतं. म्हणजे पाऊस नसतानाही भिंत रोज पहाटे ओली. घर चांगलं बांधल्याची ही शिक्षाच म्हणायची.

आता मुख्य गोष्ट, पाणी आत कसं जातं. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये हे इतकं सोपं करून मांडलं की अजून त्याच्यावर कुणी फारसं काही वाढवलेलं नाही. पाणी आत जायला तीन गोष्टी एकदम लागतात: भिंतीवर पाणी हवं, फट हवी, आणि त्या फटीतून पाण्याला ढकलणारं किंवा ओढणारं काहीतरी हवं. तिन्हीपैकी एक जरी काढून घेतली तरी काम झालं. आपण काय करतो, फट पकडून बसतो. मिळेल तिथं सिलिकॉन भरतो. पण भिंतीला फटी किती, खिडक्यांच्या चौकटी, पाइप, वायरी, दिव्यांचे खोके, पत्र्यांचे जोड, ह्या सगळ्या कायमच्या बंद राहतील ही आशाच चुकीची, सिलिकॉन उन्हानं आणि आकुंचन-प्रसरणानं सुटतं आणि सुटतं तेही अगदी केसाएवढं. आणि केसाएवढी फट ही रुंद फटीपेक्षा वाईट असते बरं का, कारण अरुंद फट पाणी स्वतःच ओढून घेते, दिव्याची वात तेल ओढते तसं, अगदी वरच्या दिशेनंसुद्धा. पाचसहा मिलिमीटरच्या पुढे फट गेली की हे ओढणं जवळजवळ थांबतं. म्हणून चांगला कारागीर काही ठिकाणी मुद्दाम रुंद फट ठेवतो आणि आपल्याला वाटतं त्यानं काम अर्धवट सोडलं.

ढकलणारं म्हणजे वारा. उभ्या पावसानं भिंत फार भिजत नाही, तिरक्या पावसानं भिजते, आणि सगळ्यात जास्त भिजतात वरचे मजले आणि कोपरे कारण वारा तिथं वळताना वेग घेतो.

सगळ्या फटी बंद करून भिंत जलाभेद्य करायची ह्या विचारानं काय होतं ह्याची दोन मोठी उदाहरणं आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूवरच्या आसपास, १९८० नंतर भरपूर लाकडी सांगाड्याच्या अपार्टमेंट उभ्या राहिल्या, वरून गिलावा, छपराला वळचण जवळजवळ नाहीच, दिसायला ऊन्हाळी देशातल्या बंगल्यांसारख्या. पाऊस मात्र तिथला तो तिथलाच. पाणी खिडक्यांच्या आणि गॅलऱ्यांच्या जोडांतून आत गेलं, आणि बाहेरून सगळं गच्च असल्यामुळे ते आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच नव्हती, लाकूड आतल्या आत कुजत राहिलं. हजारो कुटुंबांची घरं दुरुस्तीला आली, शेवटी १९९८ मध्ये तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी प्रीमियर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे) डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. तिकडे न्यूझीलंडमध्ये साधारण तेव्हाच अगदी तसंच झालं, वळचण नाही, गुंतागुंतीचे आकार, एकसंध गिलाव्याच्या भिंती, आणि त्यात भर म्हणजे १९९८ मध्ये औषध न लावलेलं, भट्टीत वाळवलेलं पाइनचं लाकूड सांगाड्याला वापरायची मुभा मिळाली. २००२ मध्ये डॉन हन यांच्या समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी गळक्या घरांच्या तक्रारींसाठी वेगळा कायदा करावा लागला. दोन देश, दोन महासागरी किनारे, चूक एकच.

दोन्हीकडे उत्तरही एकच निघालं. बाहेरच्या आवरणाच्या मागे मोकळी पोकळी ठेवायची. ब्रिटिश कोलंबियात साधारण १० मिलिमीटर, न्यूझीलंडमध्ये २० च्या आसपास. बाहेरचं आवरण पावसाचा मार झेलतं, त्यातून जे थोडं पाणी शिरेल ते पोकळीत खाली ओघळतं आणि तळाच्या फटीतून बाहेर पडतं, आणि वर-खाली हवा खेळत असल्यामुळे मागची बाजू वाळते. पोकळीच्या आत, सांगाड्यावर एक कागद किंवा कापडासारखा पडदा असतो, तो कौलांसारखा लावायचा, वरचा खालच्यावर, उलटा लावला की पाणी थेट आत. अंगावर रेनकोट चढवून आत घामानं भिजणं आणि डोक्यावर छत्री धरून चालणं ह्यात जो फरक आहे तोच इथं. तिकडच्या लोकांनी ह्याला चार शब्दांत बसवलंय: अडवणं, निचरा, वाळणं आणि टिकाऊ माल. क्रमही हाच. आपल्याकडे चर्चा सुरू होते ती चौथ्यापासून, "कुठलं मटेरियल चांगलं?"

तर होऊ दे, भिंतीच्या बाहेरच्या आवरणाच्या मटेरियलचंही बोलू.

लाकूड हे ओल्या हवेत वाईट असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. लाकडात साधारण २० टक्क्यांच्या खाली ओलावा राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीला त्यात जम बसवता येत नाही, म्हणजे प्रश्न परत तोच, वाळतंय का. देवदारासारख्या सुगंधी जातीत, उदाहरणार्थ वेस्टर्न रेड सीडरमध्ये, आणि सागातही, स्वतःची रसायनं असतात ती बुरशीला दूर ठेवतात, पण ती फक्त आतल्या पक्क्या गाभ्यात, बाहेरच्या पांढुरक्या लाकडात नाही. फळी घेताना हे बघा. फळीची टोकं तिच्या बाजूंपेक्षा कितीतरी जोरात पाणी पितात, म्हणून लावायच्या आधी सहाच्या सहा बाजूंना प्रायमर किंवा तेल लागलं पाहिजे, मागच्या बाजूलासुद्धा, आणि साइटवर कापलेलं टोक परत रंगवलं पाहिजे. हे कोणी करत नाही. समोरून दोन हात मारतात, मागची बाजू कोरी, मग फळी एका बाजूनं ओल घेते आणि वाकते. आणि खिळे स्टेनलेसचे किंवा जाड जस्त चढवलेले, साध्या लोखंडाच्या खिळ्यांचा सीडरमधल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी संबंध आला की काळे ओघळ उतरतात, ते घासून जात नाहीत.

फायबर सिमेंट, म्हणजे सिमेंट, वाळू आणि सेल्युलोजचे तंतू, माझ्या मते ओल्या हवेसाठी सगळ्यात समजूतदार निवड. कुजत नाही, वाळवी खात नाही, रंग चांगला धरतं. पण कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर त्या पाणी पितात आणि फुगून पापुद्रे सुटतात, आणि तळाची कड जमिनीपासून १५० मिलिमीटर वर हवी. कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना फार वाईट, मास्कशिवाय कुणालाही कापू देऊ नका.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीच्या पट्ट्या. स्वस्त, रंगवायची कटकट नाही, आणि गंमत म्हणजे ह्या पट्ट्या मुळात पाणी अडवायला बनवलेल्याच नाहीत, त्या खिळ्यांवर सैल लटकवायच्या असतात कारण उन्हात लांब होतात, आणि खालच्या कडेला बारीक भोकं असतात ती पाणी बाहेर यायला. सैल असल्यामुळे मागे हवा खेळते, म्हणजे नकळत पोकळीचा फायदा मिळतो. पण सगळी मदार मागच्या पडद्यावर, तो नसेल तर व्हिनाइल म्हणजे नुसती पडदानशीन ओल.

वीट आणि दगड पाणी पितात आणि सावकाश सोडतात, त्यांच्यात जाडी असते म्हणून ते परवडतं. जुन्या घराची वीट मऊ आणि चुन्यातली असेल तर दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटनं कधीच भरू नका. सिमेंट कडक आणि कमी श्वास घेणारं, ओल मग दर्जांतून निघायच्या ऐवजी विटेतून निघते आणि विटेचा चेहरा पोपड्यांसारखा गळून पडतो, दर्जा मात्र शाबूत उभ्या. चुन्याच्या दर्जा झिजतात, पण त्या झिजण्यासाठीच असतात, दर्जा परत भरता येते, वीट परत कुठून आणणार. दोन थरांमध्ये पोकळी ठेवलेल्या विटकामात तळाला उभ्या दर्जा मधेमधे मोकळ्या सोडलेल्या असतात, त्या निचऱ्याच्या. मी एकदा "इथून किडे येतात" म्हणून अशा सगळ्या फटी उत्साहानं सिलिकॉननं बुजवल्या होत्या, पुढच्या पावसात आतल्या बाजूनं जमिनीलगत भिंत गडद झाली, मग ते सगळं ब्लेडनं कोरून काढताना आलेली अक्कल मी विसरलेलो नाही. किड्यांसाठी जाळी असते, ती घालायची.

पत्रा वाळतो लवकर, पण रात्री गार पडून मागच्या बाजूला थेंब जमतात आणि कापलेल्या कडेला गंज सुरू होतो. सिमेंटचा गिलावा ठीक आहे, फक्त भेगा पडणारच हे धरून चाला. आणि घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, त्यांना घासणं, भोकं पाडणं, प्रेशर वॉशर मारणं, काहीही करू नका, माहीतगारालाच बोलवा.

रंगाचं गणित बरेच जण उलटं करतात. "वॉटरप्रूफ" शब्द दिसला की डबा उचलतात. पण रंगाला दोन कामं असतात, पाऊस आत येऊ द्यायचा नाही आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ द्यायची. जाड रबरासारखा थर पहिलं काम छान करतो आणि दुसऱ्यात नापास होतो, भिंतीत वरून, खालून, आतून कुठूनही ओल आली की ती त्या थराच्या मागे अडकते, फुगारे येतात, पोपडे सुटतात, आणि दोष जातो रंगाऱ्याला. सिमेंट, चुना, दगड, वीट असल्या भिंतींसाठी सिलिकेटचे रंग हा एक जुना आणि फार चांगला प्रकार आहे, बव्हेरियात ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात पोटॅशियम सिलिकेट असतं, ते भिंतीवर साल बनून बसत नाही तर खालच्या खनिजाशी रासायनिक रीतीनं जोडलं जातं, त्यामुळे पोपडा सुटायचा प्रश्नच येत नाही, वाफ आरामात निघते, शिवाय तो क्षारधर्मी असल्यामुळे शैवालाला सुरुवातीला तरी तिथं बरं वाटत नाही. आपला साधा चुना ह्याच कुळातला. मात्र आधीच प्लॅस्टिक रंग असलेल्या भिंतीवर तो चालत नाही.

लाकडाला मला साल धरणाऱ्या जाड रंगापेक्षा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, आवडतो, टिकतो कमी, पण संपतो तेव्हा नुसता फिका पडतो, सोलवटत नाही, परत एक हात मारला की झालं. रंगात बुरशीनाशक घातलंय असं डब्यावर लिहिलेलं असतं ते खरं असतं, पण ते पावसानं हळूहळू धुऊन जातं, त्याच्या भरवशावर दहा वर्षं काढता येत नाहीत. आणि कुठलाही रंग ओल्या भिंतीवर किंवा जिवंत शेवाळावर मारला तर तो भिंतीला नाही, शेवाळाला चिकटतो. नवीन गिलावा असेल तर साधारण २८ दिवस थांबा. लाकूड असेल तर ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, आकडा १५ टक्क्यांच्या खाली असला तर उत्तम. संध्याकाळी उशिरा रंगवू नका, दव पडतं.

आता ती खिडकीखालची दाढी. खिडकीच्या खालची आडवी पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, भिंतीच्या थोडी पुढे हवी, आणि तिच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक बारीक खाच हवी. पाणी पट्टीच्या कडेवरून वळून खालच्या बाजूनं परत भिंतीकडे सरपटत येतं, पृष्ठताणामुळे चिकटून, त्या खाचेपाशी आलं की ते पुढे जाऊ शकत नाही आणि टपकतं. आमच्या पट्टीला खाच होती, पण चार वेळच्या रंगकामात ती भरून सपाट झाली होती. जुन्या स्क्रूड्रायव्हरनं अर्धा तास कोरली. बस. औषधं, ब्रश, काही नाही, पुढच्या वर्षी दाढीच्या जागी नुसती फिकट सावली होती. कंपाउंडच्या भिंतीचा माथा, गॅलरीचा कठडा, छज्जा, सगळीकडे हेच लागू, आडवी सपाट जागा म्हणजे पाण्याची बैठक.

वळचणीचं महत्त्व तर सांगावं तितकं कमी. फूट-दीड फूट बाहेर आलेली वळचण भिंतीवर येणारा पाऊसच कमी करते, म्हणजे गार्डन यांच्या तीन गोष्टींतली पहिलीच काढून घेते. घर बांधायचं असेल तर रंगावरचा खर्च कमी करा पण वळचण कापू नका. पागोळ्या मात्र पन्हळीत पडल्या पाहिजेत, नाहीतर जमिनीवर आपटून उडणारं चिखलपाणी जोत्याच्या वरच्या भागाला वर्षभर भिजवतं. गुडघ्याएवढी हिरवी रांग दिसते ती त्याचीच. पन्हळ लावता येत नसेल तर पागोळ्यांच्या रेषेत खडीचा पट्टा टाका, खडीवर पाणी उडत नाही तितकं. जमिनीचा उतार घरापासून लांब हवा, पहिल्या ३ मीटरमध्ये साधारण १५ सेंटिमीटर. पन्हळीचं पाणी खाली आल्यावर भिंतीच्या पायाशीच सोडलेलं असतं कितीतरी घरांत, म्हणजे छपरानं जे जमवलं ते सगळं एकाच जागी ओतायचं, ते दोन मीटर तरी लांब न्या.

आणि एक वीतभर पत्र्याचा तुकडा, ज्याच्या नसण्यानं सगळ्यात जास्त नुकसान होत असेल. खालचं छप्पर जिथं वरच्या मजल्याच्या भिंतीला घासून उतरतं आणि भिंतीच्या मधेच संपतं, तिथं पाणी पन्हळीत जायच्या ऐवजी भिंतीच्या आत उतरतं. तिथं बाहेरच्या बाजूला वळवलेला एक छोटा पत्रा लागतो, पाण्याला पन्हळीकडे ढकलणारा. आपल्या घराला असा कोपरा असेल तर उद्याच बघा, त्याच्या खाली भिंतीवर तिरपा डाग असेल तर तो पत्रा नाहीये.

सफाईचं थोडक्यात सांगतो, कारण कारण दूर केलं की सफाई फार उरत नाही. प्रेशर वॉशर हा फार समाधान देणारा आणि फार घातक प्रकार आहे. फळ्यांच्या खालून वर पाणी मारलं की ते थेट आत जातं, लाकडाचे तंतू उभे राहतात, शिंगलचे दाणे निघून जातात, जुन्या दर्जा उडतात. साधी नळी, मऊ ब्रश, सौम्य साबण. साबण खालून वर लावत जा म्हणजे ओघळ उठत नाहीत, आणि धुताना वरून खाली. लाकडासाठी क्लोरीनच्या ब्लीचपेक्षा ऑक्सिजन ब्लीच बरं, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पाण्यात टाकलं की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा ह्यात सुटतं, लाकडाला कमी छळतं आणि झाडांनाही. क्लोरीनचं ब्लीच वापरायचंच असेल तर कुठल्याही ॲसिडमध्ये किंवा अमोनियावाल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो, हे दर वेळी सांगावं लागतं कारण दर वेळी कुणीतरी करतंच. मॉस मारायची जी औषधं मिळतात त्यात बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, ते मारून लगेच घासायचं नाही, सोडून द्यायचं, मेलेलं मॉस हळूहळू आपोआप पडतं, पण हे माशांना घातक आहे म्हणून ओढा, तळं जवळ असेल तर टाळा. छपराच्या माथ्यावर जस्ताची किंवा तांब्याची पट्टी लावायची युक्तीही चालते, पावसाबरोबर धातूचे आयन खाली उतरतात आणि मॉस वाढत नाही, फक्त खाली ॲल्युमिनियमची किंवा जस्त चढवलेली पन्हळ असेल तर तांबं नको, ती कुरतडली जाते. जुना रंग खरवडायच्या आधी त्यात शिसं आहे का ते तपासा, अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग १९७८ मध्ये बंद झाला, बऱ्याच ठिकाणी त्यानंतरही चालू होता. आणि ओल्या छपरावर चढू नका, खालून लांब दांड्याच्या ब्रशनं जेवढं होईल तेवढं करा.

वर्षातून एकदा स्क्रूड्रायव्हर घेऊन लाकडी कामाला टोचून बघा, खिडक्यांचे खालचे कोपरे, दाराच्या चौकटीचे पाय, फळ्यांची टोकं. टोक सहज आत गेलं तर रंग कितीही चकचकीत असला तरी आत कुजलंय. पन्हळी पावसाच्या आधी आणि पानगळीनंतर साफ करा. एवढं केलं तरी पुरे आहे खरं.

सगळं हिरवं काढायलाच हवं का, तर नाही. दगडी कंपाउंडवरचं मॉस, बागेतल्या दगडावरचं दगडफूल, ह्यांनी काहीही बिघडत नाही, उलट मला ते आवडतं. घराच्या छपरावर काढा, कारण ते शिंगलच्या किंवा कौलाच्या कडा उचलतं आणि पाणी वर ओढतं. लाकडावर काढा, कारण ते ओला स्पंज बांधून ठेवल्यासारखं होतं. पायऱ्यांवर तर काढाच. कंपाउंडवरचं मी गेली कित्येक वर्षं तसंच ठेवलंय, फक्त त्याला हात लावून बघतो अधूनमधून, एरवी कोरडं पडायच्या दिवसात ते ओलं लागलं तर कुठलीतरी पन्हळ तुंबलेली असते.